ज्वालामुखीच्या जंगलवाटांवर धावताना पायाखालची जमीन कशी ओळखावी?

रानपाखरू

नमस्कार. मी गेली सहा वर्षे नियमित धावते. त्यातले बहुतेक धावणे डांबरी रस्त्यावरचे आणि उरलेले सपाट मातीच्या वाटांवरचे आहे. अर्धमॅरेथॉन मी साधारण दोन तास दहा मिनिटांत पूर्ण करते. डोंगराळ वाटांचा अनुभव मात्र चार-दोन टेकड्यांपलीकडे जात नाही. आता काही महिन्यांनी एका जुन्या ज्वालामुखी प्रदेशात सलग तीन दिवस धावण्याची संधी मला मिळते आहे. तिथले शेवटचे उद्रेक काही हजार वर्षांपूर्वी होऊन गेले. शंकूसारख्या टेकड्या, त्यांच्या माथ्यावरची विवरे आणि त्यांच्या पायथ्यातून फुटून दूरवर पसरलेले लाव्हाचे प्रवाह हे सारे आता दाट जंगलाखाली गेले आहे.

पहिल्या दिवसासाठी निवडलेली वाट २४ किलोमीटरची असून तिच्यावर एकूण १,३०० मीटर चढ आहे. ती दोन शंकूंना वळसा घालून तिसऱ्याच्या माथ्यावर चढते आणि पलीकडच्या अंगाने खाली उतरते. सपाटीवरच्या माझ्या वेगात थोडी घट धरून या वाटेला तीन तास लागतील, असा हिशेब मी केला आहे. तो चुकला असेल तर स्पष्ट सांगावे.

त्या भागात धावून आलेल्या एका परिचित धावपटूने मला सांगितले की तिथे अर्ध्या तासात चार वेळा पायाखालची जमीन बदलते आणि दर वेळी पाऊल टाकण्याची पद्धतही बदलावी लागते. हे ऐकल्यापासून मी त्याच विचारात आहे. ही बदलणारी जमीन धावता धावता ओळखायची कशी, तिच्यानुसार पाऊल कसे बदलायचे आणि उरलेल्या काळात सराव कशाचा करायचा, हे अशा वाटा प्रत्यक्ष तुडवलेल्या मंडळींकडून समजून घ्यायचे आहे. तिथल्या दृश्यांची वर्णने पुष्कळ वाचायला मिळतात, पण पायाखाली काय असते याविषयी फार थोडे लिहिलेले आढळते, म्हणून हा धागा काढत आहे.

कातळरेषा

तुमच्या परिचितांनी सांगितले ते अगदी खरे आहे, आणि त्याचे कारण ज्वालामुखी ज्या रीतीने जमीन घडवतो त्यात आहे. इतर बहुतेक डोंगरांत एकाच जातीचा खडक मैलोन् मैल पसरलेला असतो. ज्वालामुखीचे एकच मुख मात्र आज खडे उडवते, काही दिवसांनी पातळ लाव्हा ओतते आणि मग बारीक राख पसरते. त्यामुळे काहीशे मीटरच्या आत तीन वेगळ्या जमिनी शेजारी शेजारी येतात आणि वरच्या जंगलामुळे त्यांच्या सीमा झाकल्या जातात. या सीमा ओळखता आल्या की पुढचे पाऊल कसे टाकायचे हे आपोआप सुचू लागते.

आधी शंकूंविषयी. तुमच्या वाटेवरचे शंकू बहुधा स्कोरियाचे असतील. स्कोरिया म्हणजे वायूचे बुडबुडे आत अडकून थिजलेला, सच्छिद्र, काळा किंवा तांबूस खडा. मेक्सिकोतला पारिकुतिन हा शंकू फेब्रुवारी १९४३ मध्ये एका मक्याच्या शेतातून वर येऊ लागला आणि वर्षभरातच ३०० मीटरहून उंच झाला. इतक्या झपाट्याने साचलेला हा ढीग आतून घट्ट असण्याचे कारणच नसते. सुटे खडे ज्या कोनात स्वतःहून टिकून राहतात तो कोन साधारण ३० ते ३५ अंशांचा असतो आणि ताज्या शंकूच्या उतारांचा कोनही तितकाच असतो. अशा उतारावर सरळ चढू लागलात तर प्रत्येक पाऊल थोडे मागे घसरते आणि टाकलेल्या जोरातला मोठा भाग खडे हलवण्यातच खर्च होतो. वाळूत धावताना कठीण पृष्ठभागाच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत आढळले होते. सुट्या खड्यांवरही शरीराची हीच झीज होते. तिथे धावण्याचा हट्ट सोडून द्यावा, पाऊल पूर्ण तळव्याने आणि सावकाश टेकवावे, आणि आधीच्या माणसाच्या पावलाने दबलेली जागा मिळाली तर तिथेच आपले पाऊल ठेवावे.

उतरताना हीच जमीन फार उदार होते. फुजी पर्वताच्या गोतेम्बा बाजूच्या उतारावर अशा खड्यांचा एक लांबलचक पट्टा आहे. जपानीत त्याला ओसुनाबाशिरी, म्हणजे वाळूतली मोठी धाव, असे नाव आहे. टाच आधी रुतवायची, गुडघे किंचित वाकलेले ठेवायचे, शरीर मागे रेलू द्यायचे नाही आणि प्रत्येक पावलाबरोबर होणारी घसरण स्वीकारायची. पण हे सुख खड्यांचा थर खोल असेल तोवरच मिळते. जंगलात शिरल्यावर झाडांची मुळे आणि कुजलेला पाला खालचे खडे बांधून ठेवतात आणि वर फक्त बोटभर सुटा थर राहतो. टणक जमिनीवरचा हा पातळ थर फरशीवर सांडलेल्या मण्यांसारखा वागतो. तिथे टाच रुतवायला गेलात तर पाय सटकतो. तिथे पाऊल लहान, जलद आणि शरीराच्या बरोबर खाली पडले पाहिजे. पाइनचे जंगल असेल तर या थरावर सुयांसारख्या पानांची गादीही असते आणि कोरड्या हवेत ती ओल्या मातीपेक्षा जास्त निसरडी असते.

दुसरी जमीन लाव्हाच्या प्रवाहाची. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि दोघांची नावे हवाई बेटांवरच्या भाषेतून जगभरच्या भूशास्त्रात आली आहेत. पाहोइहोइ म्हणजे गुळगुळीत किंवा दोरांच्या पिळासारख्या सुरकुत्या पडलेला लाव्हा; आआ म्हणजे काटेरी, धारदार, सुट्या ढेकळांनी भरलेला लाव्हा. रासायनिक घटक दोघांचे सारखेच असू शकतात. लाव्हा किती दाट झाला आणि किती वेगाने ओढला गेला यावर रूप ठरते. धावणाऱ्यासाठी मात्र दोघांत मोठा फरक आहे. पाहोइहोइवर कोरड्या दिवशी उत्तम पकड मिळते, पण तिची साय पोकळ असू शकते आणि शेवाळ चढून ती भिजली की पाय टिकणे कठीण होते. आआवर पाय सहसा घसरत नाही, पण ढेकूळ पायाखाली उलटते आणि घोटा मुरगळतो.

अशा प्रवाहांवर जंगल उगवते तेव्हा काय होते याचे सर्वांत चांगले उदाहरण फुजीच्या वायव्य पायथ्याचे आओकिगाहारा हे जंगल आहे. इसवी सन ८६४ मध्ये सुरू झालेल्या उद्रेकाच्या लाव्हावर ते उभे आहे आणि अकराशेहून अधिक वर्षांनंतरही तिथे मातीचा थर अगदी पातळ आहे. मुळांना खाली शिरायला जागा मिळत नाही, म्हणून ती जमिनीवरच आडवी पसरतात आणि त्यांच्यामधल्या फटी शेवाळाने झाकल्या जातात. म्हणून जंगलात अचानक मुळांचे जाळे वर आलेले दिसू लागले की खाली कातळ जवळ आहे असे समजावे, वेग लगेच कमी करावा आणि मुळावर पाऊल न देता दोन मुळांमधल्या जागेत द्यावे. मूळ ओलांडताना पाय नेहमीपेक्षा थोडा जास्त उचलावा, कारण दमलेला पाय अडखळतो तो बहुतेक वेळा अशाच, जेमतेम बोटभर वर आलेल्या मुळाला.

तिसरी जमीन राखेची. जुन्या राखेपासून तयार झालेल्या गडद मातीला शास्त्रात अँडोसॉल म्हणतात. ‘काळसर माती’ अशा अर्थाच्या जपानी शब्दांवरून हे नाव पडले आहे. ती वजनाला हलकी, भुसभुशीत आणि पाणी धरून ठेवणारी असते. कोरडी असताना तिच्यावर धावण्यासारखे सुख दुसऱ्या कुठल्याही वाटेवर नाही, हे मी मनापासून सांगतो. भिजल्यावर मात्र ती पावलाच्या दाबाने साबणासारखी पसरते, आणि पावसाचे पाणी तिला इतक्या सहज कापते की जुन्या वाटा कंबरेइतक्या खोल चरांत गेलेल्या असतात. असा काळा, खोल चर दिसला की आपण राखेवर आहोत हे ओळखावे. पाऊस पडून गेल्यावरही वाटेवर एकही डबके नसेल तर खाली स्कोरिया आहे. एवढ्या खुणा लक्षात ठेवल्या तरी पहिल्या दिवसाच्या अखेरीस तुम्हाला जमीन बदलण्याआधीच तिची चाहूल लागू लागेल.

चढउतार

कातळरेषा यांनी जमिनीविषयी सविस्तर लिहिले आहे, म्हणून मी तुमच्या तीन तासांच्या हिशेबाकडे वळतो. तो चुकीचा आहे आणि वाटेवर निघण्यापूर्वी दुरुस्त होणे महत्त्वाचे आहे, कारण पाणी, खाणे आणि उजेड या तिन्ही गोष्टी त्याच हिशेबावर ठरतात.

डोंगरी शर्यतींत वापरला जाणारा एक सोपा नियम असा की दर १०० मीटर चढाला एक किलोमीटर सपाटीइतके श्रम धरावेत. तुमच्या २४ किलोमीटरमध्ये १,३०० मीटरचे १३ मिळवले की ३७ होतात. अर्धमॅरेथॉनमधला तुमचा वेग किलोमीटरला सुमारे सहा मिनिटे दहा सेकंदांचा आहे. त्याच जोराने ३७ किलोमीटर धावता आले असते तरीही पावणेचार तासांहून अधिक वेळ लागला असता. तो शर्यतीचा जोर तुम्ही इतका वेळ टिकवणार नाही आणि लगेच दुसऱ्या दिवशीही धावायचे आहे, म्हणून किलोमीटरला सात मिनिटे धरली तर सव्वाचार तासांच्या वर जाते. त्यात खडे, मुळे आणि वाट शोधण्यासाठीचे थांबे मिळवून मी तुमच्या जागी साडेपाच तास धरले असते. पडताळ्यासाठी चालणाऱ्यांचा जुना नियमही पाहा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेल्या या नियमाचे आजचे रूप असे आहे की दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास धरायचा. त्यानुसार तुमची वाट चालत सुमारे सात तासांची आहे. यावरून साडेपाच तासांचा अंदाज फार सैल नाही हे ध्यानात येईल. स्पेनच्या ला पाल्मा बेटावरची ट्रान्सव्हल्कानिया ही शर्यत सुमारे ७४ किलोमीटरची असून तिच्यात ४,००० मीटरहून अधिक चढ आहे. समुद्रकाठच्या दीपगृहापासून काळ्या राखेतून आणि पाइनच्या जंगलातून ती वर चढते. जगातल्या उत्तम डोंगरी धावपटूंनाही तिथे सात तासांच्या आसपास वेळ लागतो.

आणखी एक गोष्ट नकाशावर चटकन दिसत नाही. शंकूवर पडलेले पाणी माथ्यापासून चहू दिशांनी, चाकाच्या आऱ्यांसारखे खाली जाते आणि जुन्या शंकूंच्या अंगावर अशा घळी कोरलेल्या असतात. शंकूला वळसा घालणारी वाट या प्रत्येक घळीत उतरते आणि पुन्हा वर येते. नकाशावर समान उंची दाखवणाऱ्या दोन समोच्च रेषांमध्ये उंचीचे २० मीटर अंतर असेल तर १०-१५ मीटरच्या अशा घळी मोजणीतून सुटून जातात. म्हणून तुमच्या वाटेचा खरा चढ १,३०० मीटरहून थोडा जास्त भरला तर आश्चर्य वाटू देऊ नका.

सरावाचे म्हणाल तर लोक चढाची तयारी करतात आणि उतारावर त्यांचे पाय जातात. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचे वजन रोखून धरतात आणि या प्रकारच्या कामाने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. दुखणे त्याच दिवशी जाणवत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते. मी पहिल्यांदा अशा प्रदेशात गेलो तेव्हा पहिल्याच दिवशी ९०० मीटरचा उतार सलग आणि पूर्ण वेगाने उतरलो. तिसऱ्या दिवशी मला वाटेवरच्या लाकडी पायऱ्याही कठड्याला धरून आडव्या पावलांनी उतराव्या लागल्या, आणि ज्या विवराची काठ-वाट पाहण्यासाठी मी गेलो होतो ती पाहायची राहून गेली. तुमच्यापुढे सलग तीन दिवस आहेत, म्हणून हे आवर्जून सांगतो आहे.

यावरचा उपाय चांगला आहे. स्नायूंना एकदा उताराची सवय झाली की त्याचे संरक्षण काही आठवडे टिकते. निघण्यापूर्वीच्या आठ आठवड्यांत आठवड्यातून एकदा तरी उतारावर धावण्याचा सराव करा. पहिल्या आठवड्यात एकूण १०० मीटर उतरणेही पुरे, पुढे ते हळूहळू ४०० ते ५०० मीटरपर्यंत न्यावे. शेवटचा मोठा सराव प्रवासाच्या दहा-बारा दिवस आधी उरकावा. जवळपास टेकडी नसेल तर उंच इमारतीचे जिने सावकाश आणि आवाज न करता उतरावेत. पाय आपटल्याचा आवाज येत नसेल तर स्नायू आपले काम करत आहेत असे समजावे. चढावर धावण्याचा अट्टहास मात्र नको. उभ्या चढावर दोन्ही हात मांड्यांवर दाबून लांब ढांगांनी चालणे हे अनुभवी धावपटूंचेही तंत्र आहे. त्याने वेळ फारसा जात नाही आणि माथ्यावर पोहोचल्यावर पुढे धावण्याइतकी शक्ती शिल्लक राहते.

झाडोरा

बुटांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. बाजारात डोंगरी बुटांच्या तळव्यांना आठ मिलिमीटरपर्यंत उंच दाते मिळतात आणि नवखा धावपटू तेच उत्तम समजून घेतो. चिखलासाठी ते योग्य आहेत, पण कातळावर अशा दात्यांची फक्त टोके टेकतात आणि पकड उलट कमी होते. तुमच्या मिश्र वाटेसाठी चार ते पाच मिलिमीटरचे दाते आणि मऊ रबर असलेला बूट घ्यावा. लाव्हाच्या धारांपासून तळवा वाचवण्यासाठी आत पातळ संरक्षक पट्टी असेल तर अधिक चांगले. बुटाच्या वरच्या जाळीचे वीण-छिद्र मोठे असेल तर बारीक खडे आत येतात आणि मोजा सँडपेपरने घासल्यासारखा झिजतो, म्हणून घोट्याभोवती बांधायचे कापडी गेटर स्कोरियावर अत्यावश्यक मानावेत. पातळ हातमोजेही जवळ ठेवा. आआवर तोल गेला तर माणूस हात टेकतो आणि तळहात सोलून निघतो. हे मी दोनदा पाहिले आहे.

अनेक जण अशा ठिकाणी काठ्या नेण्याचा सल्ला देतात, पण माझे मत थोडे वेगळे आहे. शंकूच्या खड्यांवर चढताना काठ्यांचा निश्चित उपयोग होतो. मुळांच्या जाळ्यात आणि लाव्हाच्या फटींत मात्र काठीचे टोक अडकते, आणि धावत्या माणसाला अचानक मागे ओढणारी काठी ही काठी नसण्यापेक्षा जास्त धोक्याची आहे. घडी होणाऱ्या काठ्या न्याव्यात, चढापुरत्या काढाव्यात आणि माथ्यावर परत पाठीला लावाव्यात.

रानपाखरू

सर्वांचे मनापासून आभार. तीन तासांचा हिशेब रद्द केला आहे आणि पहिल्या दिवशी पहाटेच निघायचे ठरवले आहे. उताराचा सराव याच आठवड्यात सुरू करते.

आता दोन शंका उरल्या आहेत. जंगल दाट आणि दमट आहे असे सर्व जण सांगतात, तेव्हा वाटेत झरे मिळतील असे धरून मी अर्ध्या लिटरची एकच बाटली न्यावी का? आणि तिसऱ्या शंकूच्या माथ्यावर चार वाटा एकत्र येतात असे नकाशात दिसते. तिथे धुके असले तर योग्य वाट कशी निवडावी? ज्वालामुखी जुना असला तरी वायूंचा काही धोका असतो का, हेही कळले तर मन निश्चिंत होईल.

कातळरेषा

पाण्याविषयीचा तुमचा समज अगदी स्वाभाविक आहे, पण तो धरून कृपया निघू नका. स्कोरिया आणि भेगाळलेला लाव्हा यांच्यावर पडलेला पाऊस थेट खाली झिरपतो. त्यामुळे भरपूर पावसाच्या प्रदेशातही वरच्या उतारांवर ओढे जवळजवळ नसतात आणि तेच पाणी लाव्हाच्या प्रवाहाच्या कडेला, अगदी पायथ्याशी, मोठ्या झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. फुजीच्या पायथ्याचे झरे अशाच पाण्याचे आहेत. फ्रान्समधल्या शेन दे प्युई या सुमारे ८० ज्वालामुखींच्या रांगेतही हेच घडते. २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या त्या रांगेतल्या लाव्हाखालून गाळून आलेले व्हॉल्विकचे पाणी बाटल्यांतून दूरवर विकले जाते, पण वर शंकूंच्या जंगलात धावणाऱ्याला ओंजळभर पाणी मिळणे कठीण. साडेपाच तासांच्या वाटेसाठी किमान दोन लिटर पाणी पाठीवर असू द्या, आणि ऊन असेल तर त्याहून जास्त. नकाशात झरा दाखवला असेल तर तो शेवटच्या टप्प्यात, खालच्या बाजूला आहे का हे आधीच पाहून ठेवा.

माथ्यावरची तुमची शंका फार महत्त्वाची आहे, कारण शंकूच्या आकाराच्या डोंगरावर वाट चुकण्याची एक खास तऱ्हा असते. वर चढताना सगळ्या वाटा एकाच बिंदूकडे येतात, म्हणून चूक झाली तरी ती आपोआप सुधारते. उतरताना नेमके उलट होते: माथ्यावर दिशेत दहा अंशांची चूक झाली आणि पाच किलोमीटर तसेच उतरत गेलात तर पायथ्याशी आपण ठरलेल्या जागेपासून सुमारे ८७० मीटर दूर पोहोचतो. मध्ये दोन-तीन घळी पडलेल्या असतात आणि त्या ओलांडून परत येणे धावपटूला नकोसे होते. शिवाय विवराचा काठ गोल असल्यामुळे धुक्यात त्याच्या कडेने जाताना आपण किती वळलो याचे भान राहत नाही. म्हणून माथ्यावर पोहोचताच थांबावे, ज्या बाजूने आलो ती दिशा होकायंत्रावर नोंदवावी आणि उतरायच्या वाटेची दिशा नकाशावरून अंशांत आधीच लिहून आणलेली असावी. घड्याळातल्या उपग्रह-मार्गदर्शनावर पूर्ण भिस्त ठेवू नये. दाट झाडीत आणि खोल घळीत ते काही मीटरांपासून कित्येक दहा मीटरांपर्यंत चुकू शकते आणि दोन वाटा फुटतात तिथे नेमका तेवढाच फरक घातक ठरतो.

होकायंत्राबाबत एक काळजी घ्या. लाव्हा थिजून बनलेल्या बेसाल्ट खडकात चुंबकीय खनिजे असतात आणि यंत्र खडकावर ठेवले तर सुई विचलित होऊ शकते. आओकिगाहारात होकायंत्र चालतच नाही, असा समज यातूनच पसरला आहे. छातीच्या उंचीवर धरले की ते तिथेही नीट दिशा दाखवते. म्हणून यंत्र दगडावर टेकवून वाचू नका, हातात धरून वाचा आणि चार पावले पुढे जाऊन पुन्हा एकदा पडताळा.

वायूंविषयी. ज्वालामुखी हजारो वर्षे शांत असला तरी त्याच्या खालून कार्बन डायऑक्साइड येत राहू शकतो. जर्मनीतल्या लाखर झे या सरोवराचा ज्वालामुखी सुमारे १३,००० वर्षांपूर्वी फुटला होता आणि आजही त्याच्या पूर्व काठाजवळ पाण्यातून या वायूचे बुडबुडे वर येताना दिसतात. कॅलिफोर्नियातल्या मॅमथ माउंटनवर १९९० च्या सुमारास हॉर्सशू सरोवराजवळची झाडे वाळू लागली, तेव्हा मातीतून वर येणारा हाच वायू त्याला कारण असल्याचे आढळले. या वायूला वास नसतो आणि तो हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्यामुळे वारा नसताना खळग्यांत साचतो. धावत वाट ओलांडून जाणाऱ्याला यातून सहसा काही होत नाही. धोका असतो तो विश्रांतीसाठी खळग्यात बसण्यात, बुटाची नाडी बांधायला तिथे ओणवे होण्यात किंवा एखाद्या लाव्हा-गुहेत डोकावण्यात. जिवंत जंगलात मध्येच कारण नसताना वाळलेल्या झाडांचा पट्टा दिसला, तर तिथे थांबू नका आणि विश्रांती नेहमी वाऱ्याच्या, उंचवट्याच्या जागी घ्या. कुजलेल्या अंड्यांसारखा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइडचा असतो. त्याचे प्रमाण फार वाढले की नाकाची तो ओळखण्याची शक्तीच नाहीशी होते, म्हणून वास थांबला याचा अर्थ वायू गेला असा घेऊ नये. वास आल्याबरोबर तिथून वर आणि वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला निघावे.

पुढे कधी जागत्या ज्वालामुखीच्या वाटांवर जाण्याचा विचार केलात तर तिथला इशारा-स्तर रोज पाहा, पण तो सर्वांत खालच्या पातळीवर आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. जपानमधला ओंताके पर्वत २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी फुटला तेव्हा त्याचा इशारा-स्तर सर्वांत खालचाच होता. माथ्याजवळ त्या वेळी पुष्कळ पदयात्री होते आणि मृत व बेपत्ता मिळून ६३ जणांचे प्राण गेले. खडकाखालचे पाणी तापून वाफेच्या दाबाने होणारे असे स्फोट फार थोड्या पूर्वसूचनेने होतात. तुमचा प्रदेश या प्रकारचा नाही, तेव्हा तिथे ही काळजी नको.

पानझड

वरच्या कोणत्याच उत्तरात न आलेली एक गोष्ट सांगते. ती तुमच्या सुरक्षेची नसून त्या जंगलाच्या सुरक्षेची आहे आणि मला ती तितकीच महत्त्वाची वाटते. निघण्यापूर्वी बुटांचा तळवा ब्रशने पूर्ण घासून, धुऊन, वाळवून न्या. दात्यांच्या फटीत दुसऱ्या जंगलाची माती अजिबात राहू देऊ नका. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडजवळच्या वायताकेरे डोंगरांत कौरी वृक्षांना मातीतून पसरणारा एक रोग लागला आहे. तो बुटांना चिकटलेल्या चिमूटभर मातीतूनही पसरतो, म्हणून २०१८ पासून तिथल्या अनेक वाटा बंद कराव्या लागल्या आणि उघड्या वाटांच्या तोंडाशी बूट घासून जंतुनाशकाने धुण्याची सोय करण्यात आली. हवाईमध्ये नव्या लाव्हावर सर्वांत आधी उगवणाऱ्या झाडांपैकी एक असलेल्या ओहिआ वृक्षावरही एका बुरशीचे संकट आहे आणि तिथेही आलेल्या माणसाने आधी बूट घासून त्यांवर अल्कोहोल फवारावे, असे सांगितले जाते. मी प्रत्येक प्रवासात एक जुना दात घासण्याचा ब्रश आणि लहानशी फवारणीची बाटली जवळ ठेवते आणि तीन दिवसांत तीन वेगळ्या वाटा करायच्या असतील तर रोज संध्याकाळी बूट स्वच्छ करते. पंधरा मिनिटांचे काम आहे.

त्याच भावनेने आणखी एक विनंती. राखेच्या मातीत वाटेचा चर खोल आणि चिखलाचा झालेला असतो, तेव्हा त्याच्या काठावरच्या गवतातून धावण्याचा मोह प्रत्येकाला होतो. काठ तुडवला गेला की तिथे नवी वाट पडते, पुढच्या पावसात तिचाही चर होतो, आणि पाहता पाहता एका वाटेच्या जागी चार उघड्या जखमा दिसू लागतात. नागमोडी वाटेवरचे वळण तोडून सरळ खाली उतरणाऱ्यांमुळेही हेच होते. स्कोरियाच्या उतारावर तर एकदा मुळे सुटली की खडे वाहणे थांबत नाही. म्हणून चर असला तरी त्याच्या मधूनच जावे, बूट चिखलात बुडाले तरी चालतील. कातळरेषा यांनी लाव्हावरच्या पातळ मातीचे जे वर्णन केले आहे ते वाचताना मला सारखे हेच वाटत होते की तो बोटभर थर जमायला शतके लागली आहेत.

शक्य असेल तर परत आल्यावर इथे पुन्हा लिहा. विशेषतः तिसऱ्या दिवशी उतारावर पायांची स्थिती कशी होती आणि दोन लिटर पाणी पुरले का, हे वाचायची मला उत्सुकता आहे.